चपट्या डोक्यांची वकिली

मी कवट्या मोजायचे. शुगर लँडमधल्या पहिल्याच हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी "तुम्ही काय करता?" असं विचारलं, तेव्हा तोंडात तिळाची वडी असताना मी त्यांना हे एवढंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्याच हाताने मी नुकतंच त्यांना अत्तर लावलं होतं. त्यांनी मनगट हळूच पदराला पुसलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. बाकीच्या बायकांचे नवरे तेलाच्या कंपन्यांत होते, माझाही होता. पण नवऱ्याचं नाव न घेता सगळ्यांचं बोलणं बंद पाडण्याची सोय फक्त माझ्याकडे होती. तेव्हा मी इतकी आगाऊ होते की प्रयोगशाळेतून घरी येताना पांढरा कोट अंगावर तसाच ठेवून इंडियन ग्रोसरीत शिरायचे. टेक्सासच्या त्या दमट उकाड्यात, आमच्या एसी बंद पडलेल्या गाडीतून, तो कोट घालून. घामाने निथळत कोथिंबिरीची जुडी निवडणारी ती बाई आज समोर आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग दोन शब्द सुनावीन.

त्या कवट्या कोरियातल्या होत्या. कित्येक पिढ्यांपूर्वी, तिथे राजांचं राज्य होतं त्या काळातल्या साध्यासुध्या माणसांच्या. नवा रस्ता होताना एका टेकडीवरची जुनी थडगी हलवावी लागली. ते लोक शवपेटीभोवती चुन्याचा गारा ओतत, त्यामुळे हाडं फार चांगली राहिली होती. डॉ. हान नावाच्या तिकडच्या उत्खननवाल्यांनी त्या आमच्या विद्यापीठाकडे एका अटीवर पाठवल्या होत्या. नीट मोजायच्या आणि थंडी सुरू व्हायच्या आत परत करायच्या, म्हणजे त्या माणसांना नव्या जागी पुन्हा मातीत ठेवता येईल. आमचा प्रश्न ऐकायला सोपा होता: एकाच मुलखातल्या माणसांची डोकी एकमेकांपेक्षा किती वेगळी असतात? लांब किती, रुंद किती, उंच किती, बायकांची कशी, पुरुषांची कशी. उत्तर मात्र हातात कॅलिपर धरून, एकेका बिंदूवर टेकवून काढावं लागे. आमचा कॅलिपर म्हणजे वाकड्या पायांचा मोठा कंपासच. डोकं त्याच्या पायांच्या मध्ये धरायचं आणि पट्टीवरचा आकडा पाहायचा. एकदा मोजलेली कवटी काही दिवसांनी, आधीचा आकडा न बघता पुन्हा मोजायची. दोन्ही आकडे जुळले तर तुमचा हात खरा. माझा हात खरा होता. हे मी आज, बोटं थरथरायला लागल्यावर, जास्तच ठामपणे सांगते.

नातू एकदा म्हणाला, "आजी, वॉज दॅट ईव्हन लीगल?" मी म्हटलं, "लीगल होतं, पण तुझ्या पणजीला ते मान्य नव्हतं."

पणजी म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या लेकीच्या, मीनलच्या वेळी त्या साताऱ्याहून आल्या. सोबत दोन बॅगा होत्या. एकीत डिंक, अळीव, खारीक, सुंठ, वेखंड. दुसरीत मऊ झालेली जुनी लुगडी आणि स्वतःच्या शालूच्या काठातून शिवलेली एक कुंची. आल्या आल्या त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, लसणाचं तिखट, वर तुपाची धार. दुपारभर बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र घरघरत असे आणि आत सासूबाई खलबत्त्यात सुंठ कुटत. बाळाला धुरी द्यायला त्यांनी ओवा निखाऱ्यावर टाकला की छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागे. मग श्रीधर, माझा नवरा, खुर्चीवर चढून वर्तमानपत्राने त्याला वारा घाले. पहिल्या दिवशी सासूबाई घाबरल्या. आठवड्यात त्यांना ते इतकं सवयीचं झालं की अलार्म वाजला नाही तर त्या निखाऱ्यावर आणखी ओवा टाकत. "वाजला की समजायचं, धुरी लागली," असं त्या म्हणत.

बाळ तीन महिन्यांचं झालं आणि मी पुन्हा प्रयोगशाळेत जायला लागले. सासूबाईंनी विरोध केला नाही, अट घातली. गॅरेजमधून घरात शिरण्याआधी अंगावर पाणी घ्यायचं. बागेचा नळीचा पाइप त्यांनी गॅरेजच्या दाराशी ओढून ठेवला होता.

"अहो आई, ती माणसं कधीच गेली. त्यांचं सुतक केव्हाच फिटलं."

"त्यांचं फिटलं असेल. तू रोज नवं घेऊन येतेस."

"तिथे मी हातमोजे घालते."

"मग पाणी पण घाल."

समोरच्या घरातले मिस्टर डेव्हिस रोज संध्याकाळी त्यांच्या बागेला पाणी घालत आणि त्याच वेळी सासूबाई मला घालत. ते हात हलवत, आम्ही दोघी हात हलवत असू.

आमचं खरं भांडण उशीवरून झालं. सासूबाईंना बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी हवी होती. मोहरी हलते, डोक्याच्या वळणाप्रमाणे सरते, डोकं गोल होतं, हे त्यांचं म्हणणं. मी मानवशास्त्राची पदवी घेतलेली, कॅलिपर चालवणारी बाई. मी त्यांना दिवाणखान्यात बसवून समजावलं की डोक्याचा आकार आईवडिलांकडून येतो, उशीकडून येत नाही. हे व्याख्यान मी हातवारे करून, बोटाने हवेत कवटी काढून दिलं. सासूबाईंनी ते लसूण सोलत शेवटपर्यंत ऐकलं. "बरं," म्हणाल्या. मग मीनल सपाट गादीवर उताणी झोपायला लागली, तोंड कायम उजव्या खिडकीकडे, कारण तिथून झाडाची सावली पडद्यावर हलताना दिसे.

इकडे प्रयोगशाळेत वेगळीच अडचण उभी राहिली. आमचे प्रमुख डॉ. व्हिटकर उंच, काटेकोर आणि मनाने सरळ होते; सँडविचसुद्धा पट्टी लावल्यासारखं चौकोनी कापून खात. त्यांनी माझे आकडे पाहिले आणि म्हणाले, बऱ्याच कवट्या मागून चपट्या आहेत. अशी कवटी लांबीला भरत नाही. लांबी कमी आली की सगळा हिशेबच बदलतो. त्यांच्या मते हा चपटेपणा मातीच्या भाराने आलेला. इतकी वर्षं जमिनीखाली, वरून टेकडीचं ओझं, हाड दबणारच. दबलेल्या कवट्या मोजणीत धरायच्या नाहीत, हा या कामातला नेहमीचा नियम होता आणि तो चुकीचाही नव्हता. त्यांनी लाल चिकटपट्टीचं रीळ माझ्या हातात दिलं. "चपट्या सगळ्या बाजूला काढ. खराब म्हणून नोंद कर."

आणि मी काय केलं? "यस, डॉक्टर व्हिटकर," म्हटलं आणि चिकटपट्टी लावत सुटले. सासूबाईंना व्याख्यान देणारी ती विदुषी तिथे मांजर झाली होती. एक अख्खं कपाट लाल झालं. जवळजवळ निम्मी माणसं त्यात गेली. आता थोड्याच दिवसांत डॉ. हान येऊन सगळे खोके घेऊन जाणार होते. एकदा ती डोकी पुन्हा मातीत गेली की जगात कुणालाही ती परत मोजता येणार नव्हती. आमच्या कागदावर ती कायमची खराब राहणार होती.

त्याच आठवड्यातल्या रविवारी श्रीधरला बाळाचा फोटो गावी पाठवायचा होता. मीनलला कुंची घातली. कुंची डावीकडे सरकली. सरळ केली, पुन्हा सरकली.

"आई, कुंची जरा तिरकी शिवली गेलीय का?" मी विचारलं.

सासूबाईंनी श्रीधरकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "हिला सांग, कुंची सरळ आहे. डोकं वाकडं आहे."

"काहीतरीच काय."

"मग बघ ना. मोजायला शिकलीस ना?"

सासूबाई बाळाला घेऊन न्हाणीघरात गेल्या, टबमध्ये पाटावर पाय पसरून बसल्या, मीनलला पायांवर घेतलं आणि टाळूवर तेल घातलं. मी त्यांच्या डोक्यावरून वाकून पाहिलं. आतापर्यंत मी माझ्या मुलीला समोरून पाहिलं होतं, कडेवर पाहिलं होतं. अशी, वरून, कवटी बघतात तशी पाहिली नव्हती. उजवीकडून मागे सपाट. आणि त्याच बाजूचा कान डाव्यापेक्षा पुढे सरकलेला, कपाळाचा तोच कोपरा पुढे आलेला. चौकोनी डब्याला एका बाजूने कुणी हळूच ढकलावं तसं सगळं डोकं एकसंधपणे सरकलेलं होतं. सासूबाई बाळाला म्हणत होत्या, "तुझ्या आईला आता दिसलं हो."

मी बॅगेतून कॅलिपर काढला. त्या प्रेतांच्या हत्याराने नातीला शिवलीस तर मी उद्याच्या विमानाने जाईन, असं सासूबाईंनी सांगितलं. शेवटी त्यांच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली, आणि त्यांनी मीनलचं डोकं धरलं, मी मोजलं. दोघींनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

अलीकडेच, मीनल आता राहते तिथे, बेलव्ह्यूला, तिच्या धाकट्या बाळाला डॉक्टरांनी चपट्या डोक्यासाठी हेल्मेट दिलं होतं. हल्ली अमेरिकेतही बाळांना उताणंच निजवतात, तेच सुरक्षित म्हणून, आणि पाळण्यात उशी ठेवूच देत नाहीत. ते बरोबरच आहे. ती तरुण डॉक्टरीण मला समजावून सांगायला लागली की हे फार कॉमन आहे. मी म्हटलं, हो, मी हे जुन्या कवट्यांत खूप पाहिलंय. मीनलने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "आई, प्लीज यार."

सोमवारी मी प्रयोगशाळेत जाऊन लाल कपाटातली सगळी डोकी टेबलावर मांडली आणि स्टुलावर चढून वरून पाहिली. खरोखर मातीने दाबलेल्या कवट्या लगेच ओळखू आल्या. त्यांची हाडं पिळलेली होती, हाडं जिथे जुळतात त्या शिवणी उकललेल्या होत्या, जबडा बसवायला गेलं तर बसत नव्हता. त्या थोड्याच होत्या. बाकीच्यांच्या शिवणी घट्ट, हाड गुळगुळीत, जबडा बरोबर बसत होता. काही मागून सरळ चपट्या होत्या, कान समोरासमोर. पण ज्या एका बाजूने चपट्या होत्या, त्यांच्यात त्याच बाजूचं कानाचं भोक पुढे गेलेलं आणि कपाळही तिकडेच पुढे. माती हाड दाबते, ती कान पुढे नेत नाही. वाढत्या डोक्याचा कान पुढे जातो. ही माणसं थडग्यात चपटी झाली नव्हती, ती अंथरुणात चपटी झाली होती. कुणाच्या तरी घरातल्या, खालून शेकलेल्या उबदार जमिनीवर, उताणी, आईच्या नजरेसमोर.

या वेळी मी मांजर झाले नाही. व्हिटकरांच्या टेबलापाशी उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोन कवट्या हातात घेतल्या, मान हलवली. "मातीचा भार तिरकाही पडू शकतो. मला चार मुलं आहेत. एकाचंही डोकं असं नाही."

"ती झोपायची कशी?"

"पालथी. बाळं पालथीच निजवतात."

त्या काळी अमेरिकेत तशीच निजवत. दवाखान्यातूनच तसं सांगत. त्या बिचाऱ्यांनी चपटं डोकं कधी पाहिलंच नव्हतं, आणि मी ते घरी न्हाऊमाखू घालत होते.

"डॉ. हान शुक्रवारी येत आहेत," ते म्हणाले. "त्याआधी किंवा त्या दिवशी, जिवंत माणसात हे दाखव. नाहीतर चिकटपट्टी राहील."

"आणते," मी म्हटलं.

घरी सांगितलं तेव्हा श्रीधर म्हणाला, "तू आपल्या पोरीला मीटिंगला नेणार?" शुक्रवारी सकाळी सासूबाई नऊवारी नेसून, वर श्रीधरचा स्वेटर चढवून तयार होत्या, कारण त्या इमारतीत गारठा असतो हे त्यांनी माझ्याकडून ऐकलं होतं. मीनलला एका गालाऐवजी दोन्ही गालांवर आणि कपाळावर तीट लावलेली. "एवढ्या मेलेल्यांत पोर एकटी जायची नाही," त्या म्हणाल्या. विद्यापीठात मात्र दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. आत येणार नाही म्हणाल्या, आणि बाळ आत असेपर्यंत ती सगळी डोकी झाकून ठेवायची. मी हे भीतभीत व्हिटकरांना सांगितलं. त्यांनी स्वतः जाऊन पांढरी चादर आणली.

डॉ. हान ठेंगणे, पन्नाशीचे, केस बारीक कापलेले. आत येताच त्यांनी आधी चादरीकडे तोंड करून मान लववली, मग आमच्याकडे वळले. मी बाळाला टेबलावर मऊ लुगड्यावर ठेवलं. व्हिटकरांनी कॅलिपर उचलला तोच उघड्या दारातून सासूबाईंचा आवाज आला, "टेप." मी टेप दिली. तो उंच मनुष्य कंबरेत वाकून, शिंपिणीच्या टेपने, तीट लावलेल्या बाळाच्या कानापासून कपाळापर्यंत मोजू लागला. मीनलने त्याचं बोट धरलं. त्याने ते सोडवून घेतलं नाही, दुसऱ्या हाताने मोजलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. डॉ. हान टेबलाच्या टोकाला जाऊन वरून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं.

"ही आमच्याकडची दिसते," ते म्हणाले.

बाळ बाहेर आजीकडे गेलं. व्हिटकरांनी चादर काढली, लाल पट्टीची एक कवटी घेतली, दोन्ही कानांच्या भोकांत करंगळ्या ठेवल्या आणि वरून पाहिलं. त्यांनी ती ठेवली, दुसरी घेतली. तिसरी.

"ही लाल पट्टी कशाची?" डॉ. हाननी विचारलं.

"खराब म्हणून वगळलेल्या," मी सांगितलं. "मागून चपट्या होत्या."

"मला हे कुणी कळवलं नाही." त्यांचं हसू गेलं होतं. "या आमच्या लोकांच्या आहेत. आमच्याकडे बाळ उबदार जमिनीवर पाठीवर निजतं. माझी आई कांबळ्याची वळकटी लावून माझी मान वळवत राहायची. काही उपयोग झाला नाही." मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि डोकं पुढे झुकवलं. "तुम्ही मोजा."

वडीलधाऱ्या माणसाच्या पायांना हात लावायचं मला शिकवलं होतं, डोक्याला नाही. त्यांच्याकडेही ते तसंच असावं, कारण त्यांची मान ताठ झालेली मला दिसत होती. मी कॅलिपर डेटॉलने पुसला. दोन्ही हातांनी त्यांच्या कपाळापासून मागे नेला. मागे बोटांना ती ओळखीची सपाट जागा लागली, गुळगुळीत, उजवीकडे थोडी जास्त. इतके महिने मी जे थंड हाडात चाचपत होते, ते आता गरम होतं आणि श्वास घेत होतं.

एरवी त्या खोलीत पक्के आकडे व्हिटकर सांगत आणि मी लिहून घेत असे. माझी मोजणी तपासून झाली की तेच ती मोठ्याने वाचत. त्या दिवशी त्यांनी स्वतःच पेन्सिल उचलली, कागद पुढे ओढला आणि माझ्याकडे पाहत थांबले. पुढे तो लेख छापला, त्यात मातीने खरोखर दबलेली थोडी सोडून लाल पट्टीच्या बाकी सगळ्या माणसांचे आकडे आहेत, आणि त्यांच्या रकान्यावर मी सुचवलेलं नाव आहे: पाळण्यातला चपटेपणा. आता ती माणसं त्यांच्या नव्या टेकडीवर आहेत. मी वगळू दिली नाहीत म्हणून ती मोजलेली आहेत. याचा मला त्या दिवशी होता तेवढाच गर्व आजही आहे, आणि तो लपवायचं वय माझं राहिलेलं नाही.

मी आकडा वाचला. व्हिटकरांनी लिहिला.

"पुन्हा एकदा सांगा," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितला, गरजेपेक्षा बराच मोठ्याने. दार उघडं होतं आणि बाहेर सासूबाई बसल्या होत्या.